सोपाऱ्याचं अंडं

नालासोपारा पश्चिमेला मर्देस गावाच्या हद्दीत ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचं एक टेकाड होतं. गावकऱ्यांच्या लेखी तो कुण्या बुरूड राजाचा मोडका किल्ला. १८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो मधोमध खणला आणि किल्ल्याऐवजी विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात विटांची बांधीव खोली, खोलीत मोठी दगडी पेटी. पेटीचं झाकण काढलं तर आत आठ कांस्यमूर्ती आणि एक तांब्याचा करंडक. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. सोबत सोन्याची कितीतरी फुलं. आणि सगळ्यात आत काय, तर मातीच्या भांड्याची खापरं. बारीक बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी ते ठेवणाऱ्यांची श्रद्धा असावी. हा सगळा ऐवज पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

टेकाडात एका सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही मिळालं. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे मधल्या शतकांत कुणीतरी हा स्तूप उघडून आत मूर्ती मांडल्या आणि पुन्हा मिटून टाकला असणार. त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एकेक डबी उघडत आत जायचं, तांब्यापासून सोन्यापर्यंत पोचायचं, आणि शेवटी हाती लागतं ते कुंभारवाड्यातही कुणी उचलणार नाही असं खापर. सोनं हे तिथे निव्वळ वेष्टन होतं.

स्तूपाच्या घुमटाला जुन्या शिल्पपरिभाषेत ‘अंड’ म्हणतात. त्या अंडावर चौकोनी हर्मिका, तिच्यात रोवलेली यष्टी, यष्टीवर छत्रं. आणि ज्याच्या पोटात अवशेष ठेवलेले आहेत तो स्तूप ‘धातुगर्भ’. धातू म्हणजे इथे तांबं-लोखंड नाही; महापुरुषाच्या देहाचा किंवा वापरातल्या वस्तूचा अवशेष. सिंहलीत त्याचंच ‘दागाबा’ झालं. अंडं आणि गाभा हे दोन्ही शब्द एकाच इमारतीत विटांनी बांधून ठेवलेले पाहायचे असतील, तर वसई-विरारकरांना लांब जायला नको. गंमत अशी, की या अंड्याचा व्यवहार उलटा आहे. अंड्यातून जीव बाहेर यायचा असतो. इथे निघून गेलेल्या माणसाच्या एका वस्तूभोवती अंडं रचलेलं आहे.

हे दोन शब्द जुळ्या भावंडांसारखे वावरतात, पण माझ्या मते त्यांचं काम अगदी वेगळं आहे. अंडं हा काळाचा शब्द. अंडं म्हटलं, की पुढे त्यातून काय निघणार हा प्रश्न आलाच. गाभा हा जागेचा शब्द. सगळ्यात आत हे आहे, एवढंच तो सांगतो. ते जिवंत की निर्जीव, मऊ की टणक, भरीव की पोकळ, याबद्दल तो तोंड उघडत नाही. म्हणून तर गाभा आणि त्याचा विलायती भाऊ न्यूक्लिअस हे शब्द कुणीही यावं नि उसने न्यावेत असे झाले. आधी आकाशातल्या शेंडेनक्षत्राच्या डोक्यासाठी नेले, मग पेशीसाठी, मग अणूसाठी. शाळेच्या पुस्तकात पृथ्वीलासुद्धा भूकवच, प्रावरण आणि गाभा आहे. अंडं असं सहजी उसनं मिळत नाही. नेणाऱ्याला त्यातून काहीतरी उबवून दाखवावं लागतं.

आपल्या पूर्वजांनी ते थेट विश्वासाठीच नेलं. ब्रह्मांड हा शब्द कीर्तनात आणि राजकीय भाषणांत इतका घासून गुळगुळीत झालाय, की त्यातलं अंडं आता कुणाला दिसत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२१वं सूक्त हिरण्यगर्भाचं आहे: आरंभी सोन्याचा गर्भ होता. ही कल्पना नुसती सूक्तात राहिली नाही, राजांनी ती अंगावर घेतली. विरारवरून उत्तरेला गाडी डहाणू, घोलवड करत महाराष्ट्राची हद्द ओलांडते, उंबरगाव जातं आणि संजाण येतं. संजाणला सापडलेल्या राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या ताम्रपटात, शके ७९३ म्हणजे इसवी सन ८७१, त्याच्या घराण्यातल्या दंतिदुर्गाने उज्जैनला ‘हिरण्यगर्भ’ महादान केल्याचं कोरलेलं आहे. हे महादान म्हणजे मोठा सोहळाच. सोन्याचं माणूसभर पात्र घडवायचं, राजाने त्यात शिरून गर्भातल्या बाळासारखं अंग मुडपून बसायचं, पुरोहितांनी जन्माचे संस्कार करायचे आणि राजाने नवा जन्म घेऊन बाहेर यायचं. मग ते सोनं दान. त्या प्रसंगी गुर्जर राजांना दारावर द्वारपाल म्हणून उभं केलं, असंही ताम्रपट म्हणतो. सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. सोन्याच्या अंड्यातून निघालेल्या राजाची नोंद आपल्या शेजारच्या स्टेशनात सापडली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्याच संजाणला पारशांनी पहिली वस्ती केली, आणि येताना तेही आपलं अंडं घेऊन आले. ‘मेनोग-ई-ख्रद’ या त्यांच्या जुन्या पहलवी ग्रंथात आकाश, पृथ्वी, पाणी आणि त्यांतलं सगळं मिळून पक्ष्याच्या अंड्यासारखं आहे असं सांगितलंय, आणि मधोमध पृथ्वी म्हणजे त्यातला बलक. आज पारशी घरात कुठल्याही भाजीवर अंडं फोडून घालतात त्याचा या विश्वरचनेशी संबंध जोडायचा मोह होतो. पण तो मोहच.

अंड्याने जुन्या लोकांना जीवसृष्टीची वर्गवारीही करून दिली. अंडज, जरायुज, स्वेदज आणि उद्भिज्ज: अंड्यातून येणारे, वारेसकट जन्मणारे, घामातून निपजणारे आणि जमीन फोडून वर येणारे. चार वेगळी खाती. आधुनिक जीवशास्त्राने काय केलं, तर हळूहळू ही चारही खाती एकाच खात्यात वळती केली. विल्यम हार्वेने १६५१ साली आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठचित्रात देवाच्या हाती अंडं देऊन त्यावर लिहून टाकलं, की सगळं अंड्यातूनच येतं. पुरावा त्याच्याकडे तोकडा होता. सस्तन प्राण्याचं अंडं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ते पाहायला १८२७ साल उजाडावं लागलं. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरला ते कुत्रीच्या बीजकोशात दिसलं, आणि जरायुज खातं अंडज खात्यात जमा झालं. स्वेदजांचा निकाल कुठल्याही आईने दिला असता: उवा घामातून होत नाहीत, लिखांतून होतात, आणि लिखा म्हणजे उवांची अंडी. राहिले उद्भिज्ज. तर फुलाच्या पोटात वनस्पतिशास्त्रज्ञांना जे सापडलं त्याला मराठीत आपण बीजांड म्हणतो, ते ज्यात असतं त्याला अंडाशय, आणि बीजांडाच्या आत जी मुख्य पेशी असते ती अंडपेशी. फुलझाडाला पिसं नसतात एवढंच.

हार्वेला खोटं पाडणारा पुरावा मात्र वसईच्या वाड्यांतच उभा आहे. केळ. आपण खातो त्या बहुतेक केळींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. तिनाची दोघांत समान वाटणी होत नाही, त्यामुळे धड बीज धरत नाही. केळ्यात मधोमध दिसणारे काळे ठिपके ही त्या न झालेल्या बियांची खूण. आगाशीकडची सुकेळी ज्या राजेळी केळ्यांची करतात ती राजेळीही अशीच बिनबियांची. शेतकरी कंदाला फुटलेला मुनवा काढून लावतो, त्याची केळ होते, तिला पुन्हा मुनवे फुटतात. बापजाद्यांपासून चालत आलेल्या बागेत एकही रोप अंड्यातून आलेलं नसतं.

पण केळीला गाभा आहे, आणि तो चांगला बघण्यासारखा आहे. केळीचं जाडजूड खोड हे खरं खोडच नव्हे. ती एकावर एक गुंडाळलेली सोपटं, म्हणजे पानांच्या बुडख्यांचे थर. घड उतरवल्यावर एकेक सोपट सोलत आत गेलं, की शेवटी मनगटाएवढा पांढराशुभ्र, गुळगुळीत दांडा हाती लागतो. त्याची भाजी करतात. तो दांडा हेच खरं खोड. जमिनीतल्या कंदापासून ते सोपटांच्या नळीतून वर चढत येतं आणि शेंड्याला केळफूल घेऊन बाहेर पडतं. केळ निसवते म्हणतात ती तेव्हा.

मराठीने गाभ्याचं मोठं गोत जमवलंय. गाय गाभण राहते. देव गाभाऱ्यात बसतो. चिंच गाभुळते, म्हणजे गर टरफलापासून सुटू लागतो पण अजून पुरती पिकलेली नसते, आणि तेव्हाच ती सगळ्यात झकास लागते. आणि मासळीत असते गाभोळी. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याकडची मासळी वसईच्या बाजारात येते तेव्हा जाणती गिऱ्हाइकं आधी पोट दाबून बघतात: गाभोळी आहे का? पातळ पडद्याच्या दोन लांबट पिशव्या, आत खसखशीसारखे हजारो दाणे. हळद-तिखट लावून रव्यात घोळून तव्यावर टाकली, की काही दाणे फुटून उडतात, म्हणून झाकण हाताशी ठेवायचं. इथे मराठीने एक मजेशीर गोष्ट करून ठेवलीय: माशाच्या अंड्यांना अंडी न म्हणता गाभ्याच्या गोतातलं नाव दिलंय. अंडी म्हणजे घातलेली. गाभोळी अजून पोटात आहे. पावसाळ्याच्या तोंडाला कितीतरी मासळी गाभण असते, आणि राज्यातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते ती याच हिशेबाने.

गाभोळीच्या दाण्यांचा आकार सगळ्या माशांत सारखा नसतो. समुद्री शिंगाळ्याची अंडी चांगली गोटीएवढी होतात आणि थोडीच असतात. ती सांभाळतो नर, आणि तीही तोंडात. पिल्लं बाहेर पडून हिंडू-फिरू लागेपर्यंत काही आठवडे त्याचं खाणंपिणं जवळजवळ बंद. शिंगाळ्याची सगळी अंडीपिल्ली खरोखरच त्याच्या तोंडी असतात.

अंडं आणि गाभा यांची सगळ्यात विलक्षण गाठ मात्र नारळात पडते. लॅटिनमध्ये ‘नुक्स’ म्हणजे कवचीचं फळ, आणि न्यूक्लिअस म्हणजे त्याच्या आतला छोटा गर. विज्ञानाने जगभर फिरवलेला हा शब्द मुळात अक्रोड-बदामाच्या घरचा. पण त्या शब्दाला खरं घर शोभतं ते नारळाचं. सोडण, त्याच्या आत करवंटी, करवंटीला चिकटून खोबरं, खोबऱ्याच्या आत पाणी. आणि पाण्यात?

नारळाच्या मादीफुलात, इतर फुलझाडांप्रमाणेच, एक सूक्ष्म पिशवी असते. तिला भ्रूणकोश म्हणतात. बहुतेक फुलांत या कोशात सात पेशी आणि आठ केंद्रकं, म्हणजे पेशींतले गाभे, असतात: अंडपेशीत एक, आणि मधल्या थोरल्या पेशीत दोन. परागकणातून दोन नरकेंद्रकं येतात. एक अंडपेशीशी मिळतं, त्याचा गर्भ होतो. दुसरं मधल्या दोन केंद्रकांशी मिळतं आणि तिघांचं एक होतं. हे दुहेरी फलन रशियातल्या सर्गेई नवाशिनने १८९८ साली उलगडलं. त्या तिघांच्या एकातून गर्भाची शिदोरी तयार होते. गहू-तांदळात तिचं पीठ होतं. नारळात तिचं पाणी होतं.

कसं, ते बघा. एरवी केंद्रक दुभंगलं, की दोघांच्या मध्ये भिंत उभी राहते आणि दोन पेशी होतात. नारळाच्या त्या शिदोरीत केंद्रक दुभंगतं, पुन्हा दुभंगतं, पुन्हा पुन्हा दुभंगत राहतं, पण भिंत घालायचं राहून जातं. हजारो केंद्रकं, आणि त्यांच्यात एकही आडभिंत नाही. सगळी एकाच पाण्यात मोकळी तरंगतायत. पुढे ती करवंटीच्या कडेकडेने बसू लागतात, त्यांच्याभोवती भिंती उभ्या राहतात आणि मलई धरते. मलई जून झाली की खोबरं. वसई स्टेशनबाहेर कुणी शहाळंवाल्याला ‘पाणीवालं दे, मलईवालं नको’ असं बजावतो, तेव्हा तो नकळत भिंती घालायच्या आधीचं शहाळं मागत असतो. जाड नळीने सुर्र करून तो जे पितो त्यात हजारो मोकळी केंद्रकं असतात, प्रत्येकात गुणसूत्रांचे आईकडचे दोन संच आणि बापाकडचा एक. त्या सगळ्यांचं सख्खं भावंड असलेला गर्भ नारळाच्या तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याखाली आपल्या वेळेची वाट पाहतो. वेळ आली, की तो पांढरा स्पंजासारखा गोळा होऊन आतलं पाणी आणि खोबरं खात सुटतो. मोड आलेला नारळ फोडल्यावर जो गोड गोळा मुलं भांडून खातात तो हाच.

या पाण्यात गर्भाला वाढवणारं काहीतरी असणार, हे उघड होतं. १९४१ साली योहानेस फान ओव्हरबेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ काढून नारळाच्या पाण्यात वाढवून पाहिले. एरवी न जगणारे गर्भ वाढले. पुढे १९५८ मध्ये फ्रेडरिक स्टुअर्डने अमेरिकेत गाजराच्या सुट्या पेशी नारळाचं पाणी घातलेल्या द्रावणात ठेवून त्यांतून अख्खी गाजराची रोपं मिळवली. आज केळीची रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात, त्या तंत्राच्या पूर्वजांत शहाळ्याचा मान मोठा आहे. अंड्यावाचून रोप उभं करायचं, आणि त्याला दूध पाजायचं ते दुसऱ्याच झाडाच्या गाभ्याचं.

आता कोंबडीकडे वळू; अंडं म्हटल्यावर पहिला मान तिचा असूनही तिला इतका वेळ ताटकळत ठेवलं. मुंबईकडे तिच्या अंड्याला बैदाही म्हणतात, तो शब्द अरबीतून आला आणि बैदारोटीच्या तव्यावर टिकून राहिला. शून्यासाठी इंग्रजांनी क्रिकेटमध्ये बदकाचं अंडं धरलं, आपण भोपळा धरला. भोपळ्यात बिया तरी असतात.

घरी अंडं फोडाल तेव्हा ते लगेच फेटू नका. बशीत अलगद सोडा. बलक मधोमध फुगून राहील. त्याच्या दोन बाजूंना पांढऱ्या पिळलेल्या दोऱ्या दिसतील. लोक त्या घाण समजून काढून टाकतात. त्या आहेत बलकाला कवचाच्या मध्यावर तोलून धरणाऱ्या. आता बलकाचा वरचा भाग नीट बघा. दोन-तीन मिलिमीटरचा एक फिकट पांढरा ठिपका दिसेल. बलकाची ती बाजू किंचित हलकी असते, म्हणून अंडं कसंही फिरवलं तरी ठिपका वर येऊ पाहतो, उबवणाऱ्या कोंबडीच्या पोटाकडे. पोल्ट्रीच्या अंड्यात तो लहान आणि वेडावाकडा असतो, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. कोंबडा असलेल्या घरचं गावठी अंडं मिळालं, तर ठिपका मोठा आणि कडेला गोल कडं असलेला दिसण्याची शक्यता आहे. तसं असेल, तर तुमच्या बशीत एक पेशी नाही. घालण्याआधीच तिच्या हजारो झालेल्या आहेत.

खरं अंडं एवढंच: बलक आणि त्यावरचा ठिपका. कोंबडा न भेटलेल्या अंड्यात ही एकच पेशी. बाकीचा पांढरा भाग, आतले पापुद्रे आणि कवच हे सगळं नंतर चढतं. बलक बीजकोशातून सुटल्यापासून साधारण पंचवीस तासांत अंडं तयार होतं, आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला लागतात.

बलक कोंबडीच्या पोटात, बीजकोशातच असताना या ठिपक्याच्या जागी एक नितळ फुगा असतो. तो १८२५ साली ब्रेस्लाऊमध्ये यान पुर्किन्ये याने टिपला. घातलेल्या अंड्यात तो मिळत नाही, त्याआधीच विरून गेलेला असतो. म्हणूनच इतकी वर्षं तो कुणाला दिसला नव्हता. तो फुगा म्हणजे अंडपेशीचं केंद्रक. पण पुर्किन्येला ते केंद्रक आहे हे माहीत असणं शक्य नव्हतं, कारण केंद्रक नावाची गोष्ट अजून जगात आलेली नव्हती. ती आली १८३१ मध्ये. रॉबर्ट ब्राऊनने आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, पानाच्या पेशीपेशीत एक गोल डाग दिसतो असं सांगितलं आणि त्याला काय म्हणावं याची दोन नावं पुढे केली: अरिओला किंवा न्यूक्लिअस. दुसरं टिकलं. हा डाग करतो काय, हे ब्राऊनला ठाऊक नव्हतं. त्याने जागेचा शब्द दिला, आणि तेवढ्यावर पुढच्या शतकाचं काम चाललं. अंडं आधी सापडलं, त्यातला गाभाही आधी सापडला, पण गाभ्याचं नाव आलं ते एका शोभेच्या फुलझाडाच्या पानातून.

मराठीत आपण न्यूक्लिअसला केंद्रक म्हणतो, आणि त्याचा प्रवासही सोपाऱ्याच्या वाटेने झाला असावा असं मनात येतं. ग्रीकमध्ये ‘केंत्रोन’ म्हणजे टोचणारं टोक, आणि त्यावरून वर्तुळ काढताना रोवलेल्या टोकाची जागा. ग्रीक फलज्योतिषाबरोबर हा शब्द संस्कृतात आला. पत्रिकेत पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं ही आजही केंद्रस्थानं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकवाटाड्यात आणि नंतर टॉलेमीच्या भूगोलात सोपाऱ्याचं नाव आहे. तो शब्द नेमका याच बंदरात उतरला असं कुणी म्हणू नये. पण असले शब्द आणणारी गलबतं इथे लागत होती, हे नक्की. केंद्राला मग एक लहानसा ‘क’ लावला. लॅटिननेही गराचा छोटा गर करताना असाच एक प्रत्यय लावला होता.

अणूचं केंद्रक सापडलं ते १९११ साली, आणि अर्नेस्ट रदरफर्डने त्या वर्षीच्या निबंधात त्याला न्यूक्लिअस म्हटलंच नव्हतं. तो मध्यभागी एकवटलेल्या विद्युतभाराबद्दल बोलत होता. शब्द पुढच्या वर्षी आला. त्या जागेचा आकार डोळ्यांपुढे आणायचा तर सोपाऱ्याच्या स्तूपावर कोंबडीचं एक अंडं ठेवा आणि ते हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक समजा. अणूची कड पावणेदोन किलोमीटरवर कुठेतरी येईल. नालासोपारा स्टेशनही तिच्या बाहेरच राहील. एवढ्या सगळ्या मुलखात एक इलेक्ट्रॉन सोडला तर काही नाही. आणि वजन? हजारातले नऊशे नव्याण्णव भाग त्या अंड्यात.

अणूच्या गाभ्याशी पालघर जिल्ह्याचा रोजचा संबंध आहे. बोईसरजवळ तारापूरला १९६९च्या ऑक्टोबरमध्ये देशातली पहिली अणुवीज व्यापारी तत्त्वावर तयार होऊ लागली. पहिल्या दोन भट्ट्या आता १६० मेगावॉटच्या धरतात, २००५-०६ मध्ये आलेल्या पुढच्या दोन ५४० मेगावॉटच्या. आत घडतं ते असं: युरेनियम-२३५च्या केंद्रकात ९२ प्रोटॉन आणि १४३ न्यूट्रॉन असतात. त्यात आणखी एक न्यूट्रॉन शिरला, की ते डळमळतं, लांबतं, कमरेत आवळतं आणि तुटतं. दोन तुकडे, दोन-तीन सुटे न्यूट्रॉन आणि भरपूर ऊर्जा. त्या ऊर्जेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर चाक फिरवायचं.

हे डळमळून तुटणं पहिल्यांदा कागदावर समजलं ते १९३८च्या नाताळात, स्वीडनमध्ये, लिझ माइट्नर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांना. केंद्रक म्हणजे जणू द्रवाचा थेंब, तो ताणला जाऊन दुभंगू शकतो, असा त्यांचा हिशेब होता. कोपनहेगनला परतल्यावर फ्रिशला या घटनेला नाव हवं होतं. तिथे विल्यम आर्नोल्ड नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ काम करत होता. फ्रिशने त्याला विचारलं, की पेशी दुभंगते त्याला तुम्ही काय म्हणता? आर्नोल्ड म्हणाला, ‘फिशन’. १९३९च्या फेब्रुवारीत त्यांचा निबंध छापून आला, त्यात तोच शब्द होता. पेशीवाल्यांकडून केंद्रक हे नाव भौतिकवाल्यांनी घेतलं होतंच, आता ते फुटण्याचं नावही घेतलं.

मराठीने मात्र ही उसनवारी पाळली नाही. एकपेशीय जीव दोन होतो त्याला शाळेच्या पुस्तकात द्विविभाजन म्हणतात, तारापूरच्या भट्टीत घडतं ते विखंडन. ज्याने कुणी ही जोडी ठरवली त्याने ती नेमकी ठरवली. तारापूरच्या खाडीत एक जिवाणू विभागला, तर दोन जिवाणू उरतात, दोन्ही पुरते, आणि वीस-तीस मिनिटांत तेही विभागू शकतात. भट्टीत युरेनियमचं केंद्रक फुटल्यावर युरेनियम शिल्लकच राहत नाही. बेरियम आणि क्रिप्टॉन उरतात, नाहीतर अशीच दुसरी एखादी जोडी.